मागं सर, केऱ्या

"राव! राव!" आग्नेल सर रेषेबाहेरून ओरडले, आणि हिंदुराव जो सुटला तो थेट त्या गोव्याच्या फॉरवर्डच्या अंगावर जाऊन आदळला. बॉल त्याआधीच हिंदुरावच्या दोन पायांमधून पसार झाला होता. सेबी नावाचा तो किडकिडीत पोरगा धक्का खाऊनही उभाच राहिला, वळसा घालून पुढे गेला आणि त्यानं अगदी सावकाश, घरातलं कपाट लावावं तसा बॉल गोलमध्ये सारला. मैदानाच्या भिंतीवर बसलेल्या आमच्या पेठेनं तरीही टाळ्या वाजवल्या, त्या हिंदुरावसाठी. गोल झाला तर झाला, गडी भिडला होता.

ही गोष्ट शहाण्णव सालातली, कोल्हापुरातली. आमच्या गावात फुटबॉल पेठेपेठेत खेळतात, तालमींच्या नावानं, आणि दोन तालमींची मॅच असली की सकाळपासून गल्लीत लग्नघराची गडबड असते. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि कॉलेजच्या टीममध्ये बॅक. बॅक म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात उभं राहून दुसऱ्याचा डाव मोडणारा. गोल मारणाऱ्याला आमच्याकडे खांद्यावर घेऊन नाचतात. गोलकीपरला निदान मिठी तरी मारतात. बॅकला मॅच संपल्यावर कुणीतरी सांगतं की जाता जाता कोपऱ्यातले झेंडे उपटून आण.

त्या दिवशी मात्र बॅकचीच किंमत होती. आमचे कॉलेजचे इंगवले सर तरुणपणी मुंबईत आग्नेल सरांबरोबर खेळले होते. आग्नेल सर आता मडगावच्या एका मोठ्या क्लबची वीस वर्षांखालची टीम बघायचे आणि त्यांना एक बॅक हवा होता. राहणं, जेवण, बूट, थोडा हातखर्च, आणि नशिबानं साथ दिली तर पुढे मोठ्या टीममध्ये जागा. इंगवले सरांनी त्यांना पत्र घालून बोलावून घेतलं होतं. सकाळी सातला मैदानावर चोवीस पोरं होती. पळवलं, उड्या मारायला लावल्या, हेडिंग घेतलं, आणि दहाच्या सुमाराला दोघंच उरलो. मी आणि हिंदुराव. जागा एकच होती.

हिंदुराव माझ्याच गल्लीतला, माझ्याच तालमीचा. आजोबांचं नाव ठेवल्यामुळे मिसरूड न फुटलेल्या वयापासून त्याला हिंदुराव म्हणावं लागायचं, आणि नवख्या माणसाला हसू यायचं. एकदा का त्यानं मैदानात टक्कर मारली की ते हसू जिरायचं. तो पेठेचा लाडका होता, कारण तो भिडायचा. कुस्तीचं गाव आमचं. इथं हरलेल्या पैलवानालाही लोक मान देतात, पण मागं सरलेल्याला नाही. "मागं सरतंय" ही आमच्याकडे शिवी आहे, आणि आईबहिणीवरून दिलेल्या शिवीपेक्षा ती जास्त लागते.

आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं. मी मागं सरायचो. समोरून फॉरवर्ड बॉल घेऊन आला की माझे पाय आपसूक मागे जायचे, जरा तिरके, हात बाजूला पसरून. का, ते मलाही सांगता आलं नसतं. बऱ्याचदा शेवटी बॉल माझ्याकडेच यायचा, पण तोवर भिंतीवरून अख्ख्या पेठेनं माझा उद्धार केलेला असायचा. बॉल मिळाला हे कुणाच्या लक्षात राहत नसे. मागे गेलो हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

माझे आबा गवळी. वेशीजवळच्या दूधकट्ट्यावर आमच्या चार म्हशी असायच्या. पहिल्या वर्षी आबा माझी मॅच बघायला आले होते, धुवट सदरा घालून. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एका गिऱ्हाइकानं दूध पिता पिता सहज म्हटलं, आबा, तुमचं पोरगं लई मागं सरतंय की. आबा घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "पळायचंच असंल तर घरात पळ, चारचौघांत कशाला?" त्यानंतर ते कधी मैदानाकडे फिरकले नाहीत. मला गोव्याला जायचं होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला हे एक वाक्य पुसून काढायचं होतं.

तर चाचणी अशी होती. सरांबरोबर गोव्याहून आलेला सेबी मध्यरेषेवरून बॉल घेऊन निघणार, समोर एकच बॅक, त्याच्यामागे गोलकीपर. प्रत्येकाला पाच वेळा. हिंदुराव पहिला गेला. पाचही वेळा आग्नेल सर "राव, राव" ओरडले आणि पाचही वेळा हिंदुराव आधीपेक्षा जास्त जोरात सुटला. चार गोल झाले. पाचव्या वेळी त्यानं बॉल आणि सेबी दोन्ही एकदम उचलून रेषेबाहेर टाकले, आणि भिंतीवरच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या. तो धापा टाकत माझ्याजवळ आला, पण चेहरा खुलला होता.

"बघितलंस का?" तो माझ्या कानात म्हणाला. "सरांनी नाव पाठ केलंय माझं. राव, राव म्हणून हाका मारायला लागलेत."

एवढ्या मोठ्या माणसानं पहिल्याच दिवशी नाव पाठ करावं म्हणजे ठरलंच की सगळं. त्या तशाच मनानं मी जाऊन उभा राहिलो.

सेबी निघाला. माझे पाय मागे निघाले. भिंतीवरून लगेच सुरू झालं, भिड की लेका, भिड, आणि त्यातच आग्नेल सरांचं "राव, राव". मला वाटलं, आपल्याला ते वैतागून म्हणतायत, काय राव, असं कसं खेळतोस, या अर्थानं. आमच्याकडे राव म्हणजे दुसरं काय? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सेबी डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मी मागे जात राहिलो, आणि कडेच्या रेषेजवळ त्याला बॉल जरा लांब पडला तेव्हा मी पाय घालून तो काढून घेतला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा त्यानं मला फसवून गोल केला. चौथ्या आणि पाचव्या वेळी पुन्हा बॉल माझ्याकडे. भिंतीवरून एकही टाळी आली नाही. कुणीतरी ओरडून विचारलं, केऱ्या, गोव्यापर्यंत असाच मागं मागं चालत जाणार का? सगळे हसले.

आग्नेल सरांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं. उंच, पाठीत किंचित वाकलेला माणूस. डोक्यावर कापडी टोपी, आणि बोलण्याआधी समोरच्याकडे बराच वेळ बघायची सवय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुका कोंकणी येता?"

मी म्हणालो, न्हाई सर.

"मग तुला राव कसं कळलं? आम्ही राव म्हणतो ते थांब. थांब, घाई करू नको. सकाळपासून मी सगळ्या मुलांना तेच ओरडून सांगतो, पण कोणी ऐकत नाही. तू एकटा ऐकलास. मला ऐकणारा मुलगा पाहिजे."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिंदुराव शेजारीच उभा होता, पण त्याचं लक्ष बुटाच्या नाडीकडे होतं. त्यानं सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. आता मला फक्त एक करायचं होतं, गप्प बसायचं. फार तर म्हणायचं की माझी मावशी सावंतवाडीला असते, थोडं थोडं कळतं. मावशी खरंच सावंतवाडीला होती. म्हणजे खोटंसुद्धा अर्धंच बोलावं लागलं असतं.

मी काही फार सज्जन पोरगा होतो अशातला भाग नाही. पण उद्या ना परवा हिंदुरावला राव म्हणजे काय ते कळणार होतं, आणि मग सुट्टीत घरी आलो की त्याच गल्लीतून मला जायचं होतं. शिवाय लहानपणापासून त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्लेली. भाकरी आठवली की खोटं घशात अडकतं. मी आग्नेल सरांना सगळं सांगून टाकलं. इकडे राव म्हणजे थांब नव्हे, राव म्हणजे गड्या, भावा, असं काहीतरी. मलाही काहीच कळलं नव्हतं. आणि याचं नाव हिंदुराव, त्याला वाटलं तुम्ही त्यालाच हाक मारताय, म्हणून तो बिचारा दर खेपेला जास्तच जोर लावत होता.

इंगवले सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हिंदुरावचे कान लाल झाले. आग्नेल सर मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले की मग ही माझी चूक. जे सांगितलं ते मुलाला कळलंच नाही तर त्याची परीक्षा कसली? पुन्हा घेऊ. तीन तीन वेळा. आता दोघांनाही शब्द माहीत आहे.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं. जागा हातात आलेली होती आणि मी ती उचलून परत मैदानाच्या मधोमध ठेवली होती. हिंदुराव जाता जाता माझ्याजवळ थांबला. "खुळ्या," तो हळूच म्हणाला, "गप्प बसला असतास तर निम्म्या गोव्यात पोचला असतास." आणि जाऊन उभा राहिला.

हिंदुराव काही नुसता टक्कर मारणारा गडी नव्हता. शब्दाचा अर्थ कळल्यावर तो थांबला, आणि काय थांबला. पहिल्या वेळी सेबीच त्याच्यावर येऊन आदळला आणि बॉल हिंदुरावच्या पायाशी राहिला. दुसऱ्या वेळी गोल झाला. तिसऱ्या वेळी हिंदुरावनं शेवटपर्यंत दम धरला आणि बॉल असा साफ काढून घेतला की सेबीनंही त्याच्या पाठीवर थाप मारली. तिनात दोन. भिंतीवरच्या लोकांना आपला वाघ थांबतोय म्हणजे नक्की काय चाललंय ते कळेना, पण बॉल त्याच्याकडे आला म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी. आणि मला तो शब्द पहिल्यांदा ऐकू आला. इतका वेळ राव हा माझ्यासाठी नुसता गोंगाट होता. आता सर राव म्हणाले आणि माझ्या डोक्यानं पायांना हुकूम दिला, थांबा. पाय थांबले, खांबासारखे. सेबी बाजूनं निघून गेला आणि गोल झाला तेव्हा मी अजून थांबलेलोच होतो. भिंतीवर हशा पिकला. आजवर ज्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता तिचा विचार केला, आणि ती हातची गेली.

दुसऱ्या वेळी बॉल मिळाला, पण तो नशिबानं. सेबीचा पाय घसरला आणि मी जवळ होतो एवढंच. आता शेवटची खेप. ही गेली तर हिंदुरावचे दोन, माझा एक, आणि विषय संपला. भिंतीवर लोक उभे राहिले होते, कारण कोल्हापुरात चाचणीचीसुद्धा मॅच होते. भिड केऱ्या, आता तरी भिड, भिड, असा एकच कालवा. सेबी निघाला. माझा उजवा पाय पुढे पडला. मी भिडायला निघालो होतो. एवढ्या लोकांना एकदाचं खूश करून घरी जावं असंच मला वाटलं होतं.

तेवढ्यात त्या सगळ्या कालव्यातून एक आवाज आला, घोगरा, ओळखीचा.

"मागं सर, केऱ्या! मागं सर!"

हिंदुराव रेषेवर उभा राहून ओरडत होता. आमच्या पेठेत, आमच्या लोकांसमोर, आमच्या मैदानावर ते दोन शब्द तोवर कुणी टोमणा म्हणून सोडून दुसऱ्या कशासाठी उच्चारले नव्हते. सगळे माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघायला लागले. ज्याची जागा जाणार होती तोच मला सांगत होता.

मी मागं सरलो. आणि एकदा पाय मागे निघाले तसं डोकं शांत झालं. सेबी डोकं इकडे करायचा, डोळे तिकडे करायचा, मी त्याकडे बघत नव्हतो. मी मागे जात होतो, तिरका, त्याच्याच वेगानं, आणि तो माझ्याबरोबर रेषेकडे येत होता, आपणहून, जणू तिकडेच त्याला जायचं होतं. पंचवीस पावलं तरी मी मागे गेलो असेन. शेवटी त्याच्या एका बाजूला रेषा होती, दुसऱ्या बाजूला मी, आणि पुढे कुठे जायचं हे त्याला कळेना. त्यानं बॉल पायाखाली दाबायला पाय उचलला तेवढ्यात मी तो काढून घेतला. लाथ मारून उडवला नाही. चार पावलं घेऊन गेलो आणि आग्नेल सरांच्या पायाशी सरळ दिला.

भिंतीवरून एक टाळी आली, मग दुसरी. फार नाहीत. पण माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि मला त्या गाडाभर वाटल्या.

हिंदुराव माझ्याकडे आला. तू का ओरडलास, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तू बोललास म्हणून मला दुसऱ्यांदा खेळाय मिळालं. फिट्टंफाट." मग त्यानं मला एक गुद्दा मारला, जरा जास्तच जोरात.

दोघांचे दोन दोन झाले होते. आग्नेल सरांनी आधी हिंदुरावला विचारलं की थांबायला तुला कुणी शिकवलं? तो सरळ म्हणाला, तुम्हीच की सर, आत्ताच. सरांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. तुला? मी म्हणालो, कुणी नाही. सर म्हणाले, असं होत नाही. असं मागे जायला आमच्याकडे मुलांना तीन वर्षं लागतात. कुणीतरी शिकवलं असणार. आठव.

मी आठवलं. आणि आठवलं तेव्हा माझंच मला हसू आलं, इतकं ते रोजचं होतं.

"आमच्या आबांनी," मी म्हणालो. "पण त्यांना ते ठाऊक न्हाई."

आग्नेल सर म्हणाले की मग निकाल संध्याकाळी. आधी तुझ्या वडिलांना भेटतो.

संध्याकाळी आम्ही चौघं कट्ट्यावर गेलो. आग्नेल सर, इंगवले सर, मी, आणि सायकल हातात धरून हिंदुराव, कारण निकाल त्याचाही होता. ज्यांनी दूधकट्टा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. म्हशी ओळीनं उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि धार त्याच्या देखत काढून फेसाळ दूध त्याच्या पेल्यात पडतं. आबा गुडघ्यांत चरवी धरून धारेला बसले होते. मागे दहाबारा माणसं पाळी धरून उभी. इंगवले सरांनी ओळख करून दिली. आबांनी मान हलवली, पण हात थांबवले नाहीत. धार काढताना गवळी मधेच उठत नाही. उठला तर म्हैस पान्हा चोरते आणि मग तासभर देत नाही. घरात पाहुणा आला, भांडण झालं, तरी आबा कधी मधून उठलेले मी पाहिले नव्हते.

"तुमचा हा मुलगा मला गोव्याला न्यायचा आहे," आग्नेल सर म्हणाले.

मी हिंदुरावकडे पाहिलं. त्यानं सायकलचा ब्रेक दोनदा दाबला, सोडला, आणि मग हसला.

आबांनी न बघताच विचारलं, "काय केलं त्यानं?"

आता आग्नेल सरांचा जीव फुटबॉलमध्ये, आणि मराठी आमच्या गावची नव्हे. त्यांनी अगदी कौतुकानं, सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काय सुंदर मागे सरतो तुमचा मुलगा. वीस वर्षांत मी असा मागे सरणारा बघितला नाही."

एकानं तोंड पेल्यात खुपसलं. पाळीत कुणीतरी खुदकन हसलं. धारेचा आवाज थांबला. आबांची मान खाली होती आणि मानेमागची शीर फुगलेली मला दिसत होती. एवढा लांबून आलेला माणूस चारचौघांत मुलाची हीच गोष्ट सांगायला आला होता.

"मागं सरत न्हाई आबा," मी म्हणालो. "वळवतो."

"काय वळवतोस?"

"म्हस सुटल्यावर तुम्ही वळवताय, तसं."

दिवाळीत फटाक्यांना बुजून म्हैस दावं तोडून गल्लीत सुटली की माणसं दोन चुका करतात. काही जण पाठ दाखवून पळतात आणि काही जण आडवे जातात. आबा दोन्ही करत नसत. ते हात पसरून तिच्या समोर उभे राहायचे आणि ती जशी येईल तसे मागे जायचे, जरा तिरके, तिच्याच वेगानं, तिला वाटावं की वाट आपलीच आहे. मागे जाता जाता तिला भिंतीकडे घ्यायचे. भिंत आली की दावं त्यांच्या हातात असायचं. मी सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या पाठीशी उभा राहून ते बघत आलो होतो, आणि दहाव्या वर्षापासून स्वतः करत होतो. त्याला आमच्या घरात वळवणं म्हणायचे. ते मागं सरणं आहे असं जन्मात कुणाच्या मनात आलं नव्हतं. आबांच्याही नाही, माझ्याही नाही.

आबांनी चरवी बाजूला ठेवली आणि ते उठले. धार अर्धी राहिली होती. पाळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, ओले हात तसेच.

"बघतोस कुठं? डोस्क्याकडं?"

"न्हाई. खांद्याकडं. डोस्कं फसवतंय."

"आणि वाट कंची देतोस?"

"कडंची. मधली न्हाई देत."

"पाठ?"

"पाठ कधीच दावत न्हाई."

आबा माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी सदऱ्याला हात पुसले आणि आग्नेल सरांना म्हणाले, "न्या."

आग्नेल सर राहण्याखाण्याचं, शिक्षणाचं समजावून सांगायला लागले. आबा हो हो करत होते, पण ऐकत नव्हते हे मला कळत होतं. पुढे मी गोव्यात अकरा वर्षं खेळलो, पाच वर्षांनी मोठ्या टीमचा कप्तान झालो, भरलेली मैदानं पाहिली. हिंदुरावनं पोलिसांच्या टीमकडून नाव काढलं आणि त्याच्या हाताखालची पोरं आता मागं सर म्हणून एकमेकांना खुशाल ओरडतात. हे सगळं झालं. पण मला कुणी तुझ्या कारकिर्दीतला मोठा दिवस कोणता म्हणून विचारलं की मी त्या संध्याकाळचं नाव घेतो, आणि लोकांना वाटतं मी थट्टा करतोय.

म्हशीनं ठरल्याप्रमाणे पान्हा चोरला. आबा पुन्हा धारेला बसले, तिला चुचकारत राहिले, आणि गिऱ्हाइकं तासभर ताटकळली. एकही गेलं नाही. शेवटी दूध उतरलं. पहिला पेला भरून देताना आबा त्या माणसाला म्हणाले, "माझ्याकडनं शिकलाय त्यो." त्यानं मान हलवली. दुसऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं. मग जो येईल त्याला, सकाळचं काही ठाऊक नसलेल्यालाही, पेला हातात द्यायच्या आधी तेवढंच एक वाक्य. मी शेजारी बसून पेले विसळत होतो. आबांनी ते बावीस जणांना सांगितलं. मी मोजलं.